नऊ खुंट्या

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! नवं गाव, नवी जागा, आणि दारावरच्या काचेवर उद्या रंगवली जाणारी माझ्या नावाची पाटी. सामान वर चढवताना हमालांच्या नाकी नऊ आले. चोपन्न पायऱ्या आहेत. मुंगीने मोजल्या. भिंतीला हात लावूनच मोजल्या, कारण भिंत सोडून चालणं तिला जमतच नाही. तिचं हे घरातलं नाव पडलं तेच त्यामुळे. सात वर्षांची झाली, पण उंचीची भीती एवढी की खुर्चीवर उभी केली तर मानेला मिठी मारून बसते. एवढ्या वरचा मजला म्हटल्यावर दोन दिवस रुसली होती.

तिची आई सव्वीस तारखेला येईल, दुपारच्या गाडीने. परिचारिकेची नोकरी, बदलीचा हुकूम हातात पडल्याशिवाय निघता येत नाही. निरोप घेताना ‘पोरीकडे लक्ष ठेवा’ हे तिने तीनदा सांगितलं, जणू मी पोरगी स्टेशनावर विसरून कॅमेरा तेवढा घेऊन जाईन. माझी ख्याती तशी आहे, नाकारत नाही.

खाली चष्म्याचं दुकान. तो चष्मेवालाच घरमालक. मधल्या मजल्यावर दाताचा डॉक्टर. म्हणजे माझं गिऱ्हाईक वर पोचेपर्यंत दोन-चार किंकाळ्या ऐकूनच येणार! वरचा मजला सगळा आपला. मागे राहायच्या दोन खोल्या, पुढे बाकाची खोली, मग एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला फोटोची खोली. आणि खिडकी! उत्तरेची, भिंतभर, गुडघ्यापासून छतापर्यंत. उजेड असा की दुधात बुडवून काढल्यासारखा. खिडकीबाहेर हातभर रुंद दगडी सज्जा आहे, कठड्याशिवाय. मुंगी त्या खोलीच्या उंबऱ्याशीच थांबली.

बोळात भिंतीवर नऊ लाकडी खुंट्या आहेत. आठ खांद्याच्या उंचीच्या, नववी खूप खाली, मुलांसाठी असावी. सगळ्या मोकळ्या.

जागेबरोबर आत्याबाई मिळाल्या. एकतीस वर्षं इथे रिटचिंग करतात. कपाळावर भिंग, हातात तीन केसांचा ब्रश. आधीचे मालक, ज्यांना त्या थोरले म्हणतात, ते वारल्यावरही टेबल सोडलं नाही. त्यांनी मला एकच सूचना दिली: बंद करताना खुंट्यांवर काही राहू द्यायचं नाही. मी म्हटलं, इथे छत्र्या कोण चोरणार? छत्र्यांचं कोण बोलतंय, असं म्हणून त्या कामाला लागल्या.

५ मार्च, गुरुवार

तीन दिवसांत अकरा माणसं.

माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की काठी गिळल्यासारखा का होतो? घरी हसणारा, भांडणारा, जांभया देणारा जिवंत माणूस स्टुलावर बसताच लाकूड का होतो? वीस वर्षं मी सभांमधून, फोटोग्राफरांच्या मंडळांतून घसा कोरडा करून सांगत आलो आहे की दोष चेहऱ्याचा नाही, भीतीचा आहे. लहानपणापासून आपल्याला सरळ बस, नीट हस, लोक काय म्हणतील, एवढंच शिकवलेलं असतं. भीती हा माणसाने माणसावर केलेला सगळ्यांत जुना जुलूम आहे. आणि फोटोग्राफर तो जुलूम पाच मिनिटांसाठी का होईना, उलथून टाकू शकतो. नाहीतर त्याने पासपोर्टचे फोटो काढावेत आणि गप्प बसावं.

माझी रीत ठरलेली आहे. हसा, असं कधीच म्हणायचं नाही. स्टूल माझ्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच ठेवायचं, म्हणजे समोरचा माझ्याकडे खाली बघतो. कॅमेऱ्याशी उगाच खुडबुड करायची, थोडं वेंधळं दिसायचं. एखाद्या वादात त्याला जिंकू द्यायचं. आणि मुख्य म्हणजे, स्वतः निवांत असायचं. कॅमेऱ्यामागचा माणूस धास्तावलेला असेल तर पुढचा कधीच सैल पडत नाही. हा नियम मला एकदाही खोटा ठरलेला दिसला नाही.

इथे खुंट्या बघून एक नवी युक्ती सुचली. बोळात थांबवून सांगतो: तुमची जी काही भीती असेल ती कोटासारखी काढा आणि या खुंटीवर अडकवा, पाच मिनिटं मी सांभाळतो. लोक हसतात, पण करतात. खांद्यावरून काहीतरी उतरवल्यासारखं करून हात खुंटीपर्यंत नेतात. आणि आत येऊन बसतात ते काय चेहरे! वीस वर्षांत असे चेहरे मिळाले नाहीत.

आत्याबाईंची मात्र एक खोड आहे. फोटो झाला, माणूस स्टुलावरून उठून बोळात आला, की टेबलावरची मान वर न करता विचारतात, “तुमचं घेतलंत ना?” आणि माणसाचा हात आपोआप खुंटीकडे जातो.

९ मार्च, सोमवार

आज आत्याबाईंना बोललो. बोळाच्या टोकाला आरसा आहे, त्यात मी आठवडाभर बघतोय. माणूस मोकळा होऊन बाहेर येतो, त्या विचारतात, हात खुंटीला लागतो आणि खांदे पुन्हा वर चढतात, जबडा आवळतो. डोळ्यांदेखत दार लावून घेतल्यासारखं. मी काय त्यांना फोटोपुरतं मोकळं करायला बसलो आहे? ज्याने बेडी काढली त्यानेच ती दारात परत घालायची? हा प्रश्न विचारणं आजपासून बंद, असं मी सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं. सभेची सवय.

त्या म्हणाल्या, थोरलेही एकदा असंच म्हणाले होते. मी विचारलं, मग? मग परत कधी म्हणाले नाहीत, एवढंच बोलल्या. ब्रश धुतला, भिंग रुमालात बांधलं आणि चोपन्न पायऱ्या उतरून गेल्या. येतील उद्या.

१० मार्च, मंगळवार

आत्याबाई आल्या नाहीत.

आज तारवाला आला. खांबांवर चढून विजेच्या तारा जोडतो, गाव त्याला याच नावाने ओळखतं. लग्न जमवायचं आहे, मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा आहे. आधी तोंड असं केलं होतं की मुलीकडच्यांनी पोलिसांना कळवलं असतं. मग दुसऱ्या खुंटीवर त्याने भीती अडकवली, चांगली दोन्ही हातांनी, आणि बसला तो राजासारखा. जाताना कुणी काही विचारलं नाही. शीळ घालत उतरला. दाताच्या डॉक्टरने वर येऊन विचारलं की बाबा रे, तू त्याला काय दिलंस, ते मला पण दे.

१२ मार्च, गुरुवार

आज मुंगीचा फोटो काढला.

आईला पाठवायचा म्हणून. उंबऱ्यापाशी नेहमीसारखी थबकली. भिंतभर काच आणि काचेपलीकडे खाली रस्ता. मी गुडघ्यांवर बसलो आणि नववी खुंटी दाखवली. हिच्यासाठीच ती एवढी खाली केली आहे, असं सांगितलं. तिने फार मनापासून केलं. फ्रॉकच्या पाठीवरून काहीतरी जड ओढून काढावं तसं काढलं, दोन्ही हातांनी उचललं, अडकवलं, पडत नाही ना ते बघितलं.

आणि चालत आत गेली. खोलीच्या मधोमध. भिंतीला हात न लावता.

मी फोटो काढायचा विसरलो क्षणभर. मग काढला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो आहे हा. सात वर्षं आम्ही दोघांनी समजावलं, रागावलो, औषधं केली. संध्याकाळी पोरगी जिन्याच्या मधून, हात हलवत, गाणं म्हणत उतरली. मी खाली उभा राहून रडलो. चष्मेवाल्याने चष्मा देऊ का म्हणून विचारलं.

मुंगीच्या आईला फोनवर सांगितलं. आनंद झाला तिला, पण जरा वेळाने म्हणाली, एकदम कशी गेली हो?

१६ मार्च, सोमवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. सकाळी भट्टीवाल्याची सून आली होती, पाव भाजणाऱ्याची. कडेवर तीन महिन्यांची मुलगी. पहिलं मूल, दर मिनिटाला नाकापाशी बोट नेऊन श्वास चालतोय ना ते बघत होती. अशा हाताने फोटो कसा निघणार? पाचवी खुंटी दिली. छान निघाला फोटो. ती गेली.

अर्ध्या तासाने बाकावर काहीतरी हललं म्हणून बघितलं. दुपट्यात बाळ. काठावर.

बाळाला घेऊन धावत भट्टीपर्यंत गेलो. सून पिठाचे गोळे करत होती. गोड हसली. म्हणाली, “असू दे की, राहिली असती.” सासूचा चेहरा पांढराफटक. बाळ सासूने घेतलं. सुनेने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

१७ मार्च, मंगळवार

तारवाला दवाखान्यात आहे. शनिवारी हातमोजे न घालता चालू तारेला हात लावला. खालून मुकादम ओरडत होता, हा वरून हसत होता.

भेटून आलो. दोन्ही हात कोपरापर्यंत गेले. मला बघून खुलला. पुन्हा खांबावर कधी चढता येईल, एवढंच विचारत होता. उशाशी मी काढलेला फोटो. तोच चेहरा. अगदी तोच, अजून.

तिथून आत्याबाईंच्या घरी गेलो. दारातच उभं ठेवलं त्यांनी. मी म्हटलं, माझं चुकलं, आता सांगा. त्यांनी सांगितलं. खुंटीवर ठेवलेलं खुंटीवरच राहतं. ज्याचं त्याने, स्वतःच्या हाताने घ्यायचं. दुसऱ्याने दिलेलं चढत नाही. मी तारवाल्याचं काय ते विचारलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग मलाच कळलं.

हात नाहीत त्याला.

थोरल्यांच्या वेळी कोण, ते मी विचारलं नाही. त्यांच्या भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता. हसरा, निवांत. फोटोला रंगाचा हातही लागलेला नव्हता.

१८ मार्च, बुधवार

शाळेतून आल्यावर मुंगीला बोळात नेलं. म्हटलं, बाळा, तुझं राहिलंय, घे. ती म्हणाली, “मला नको. ते जड आहे, बाबा.”

समजावलं. मग रागावलो. पण धाक कशाचा घालणार? माझ्या आवाजाला घाबरायची ती, तेही तिथेच लटकतंय. हात धरून खुंटीपर्यंत नेला तर मूठ उघडेना. माझ्याच बोटांनी तिची बोटं उघडली आणि खुंटीला टेकवली. काही नाही. ती हसली. तिला वाटलं खेळ आहे.

भट्टीवाल्याच्या सुनेकडेही गेलो. परत घेऊन या म्हणून हात जोडले. तिचंही तेच: कशाला, बरं चाललंय की.

बरोबरच आहे. ज्याला भीती नाही त्याला ती हवी कशाला? सांगा ना, कुठल्या तोंडाने पटवून द्यायचं? वीस वर्षं मीच सांगत आलो आहे.

१९ मार्च, गुरुवार

खुंट्या रिकाम्याच दिसतात. पण बोळातून जाताना पावलं भराभर पडतात. पाचव्या खुंटीपाशी वाटतं कुणाचा तरी श्वास थांबलाय. तारवाल्याच्या खुंटीवर मुद्दाम हात ठेवून बघितला. तेव्हापासून दिव्याचं बटण दाबवत नाही. काठीने दाबतो.

मुंगी खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाय हलवत होती. बाहेरच्या बाजूला.

ओरडलो नाही. दचकून हात सुटला तर? दचकणार कशी ती? तरी ओरडलो नाही. मागून जाऊन उचलली.

खिडकीला खिळे ठोकले. बावीस.

२१ मार्च, शनिवार

नवव्या खुंटीवर हात ठेवला. वाटलं, मी घेऊन तिला देईन.

मी घेतलं. तिला देता येत नाही. आता मला सरळ उभं राहवत नाही. भिंत धरून चालतोय. स्टुलावर चढवत नाही. जमीन खाली खाली जाते. एवढं घेऊन पोरगी सात वर्षं हिंडत होती आणि मी तिला चिडवायचो —

तिच्या वाट्याचं खुंटीवर अजून तेवढंच आहे. कमी होत नाही. ज्याने आपणहून हात लावला त्याला चढतं फक्त.

२३ मार्च, सोमवार

शाळेने चिठ्ठी पाठवली. मुंगी छपरावर सापडली. इतर मुलांना वर बोलावत होती.

आता घरीच. दाराला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. मी झोपलेलो नाही.

२४ मार्च, मंगळवार

आत्याबाईंकडे पुन्हा. भिंती धरत गेलो. लोक बघत होते.

त्या म्हणाल्या, एकच वेळ असते. माणूस स्टुलावरून नुकता उठलेला असतो, अर्धा अजून तिथेच असतो, तेव्हा विचारलं तर हात आपोआप जातो. विचार करायच्या आत. म्हणून त्या मान वर न करता विचारायच्या. म्हणजे मुंगीला पुन्हा बसवायला हवं. नीट. फोटोसाठी. सैल.

गुरुवारी अकराला येईन म्हणाल्या. विचारीन म्हणाल्या. पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२५ मार्च, बुधवार

सराव करून बघितला. मुंगी बसत नाही. माझे हात थरथरतात, कॅमेरा हलतो, ती हसते, पळते. मी धावलो की तिला जास्त मजा वाटते. कपाटावर चढली. तिथून उडी —

लागलं नाही. फार नाही.

माझाच नियम. मागचा धास्तावलेला असेल तर पुढचा सैल पडत नाही.

हिचा फोन. उद्या दुपारची गाडी. मुंगी बरी आहे ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, तुमचा आवाज असा का येतोय?

२६ मार्च, गुरुवार. सकाळी पावणेदहा

मुंगी स्टुलावर बसली आहे. स्वतःहून! वेणी घालून. आई येणार म्हणून फोटो हवाय तिला. पाच मिनिटं बसेल, जास्त नाही. अकरापर्यंत नाही बसणार.

हात थांबत नाहीत. लेन्सचं झाकण दोनदा पडलं. ती उठायला लागली —

पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं माझं अडकवतो. आठवी खुंटी. मग शांत, मग फोटो, मग तिला उठताच विचारीन. आणि माझं मी घेईन. विसरू नये म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बोळाच्या दारावर चिकटवलंय, तिच्या आणि माझ्या दोघांच्या डोळ्यांसमोर येईल असं. तुमचं घेतलंत ना.

विसरणार नाही. बाप आहे मी तिचा —

सव्वादहा

किती सुंदर सकाळ आहे! कितीतरी दिवसांनी हात स्थिर आहे. अक्षरसुद्धा बघा कसं वळणदार येतंय. इतके दिवस एवढ्याशा गोष्टीची मी केवढी धास्ती घेतली होती, आठवून हसू येतं.

स्टुलावरचा फोटो बरा आला, पण बराच, जास्त नाही. ही काचच आड येते. खिळ्यांच्या सावल्या मुंगीच्या गालावर पडत होत्या. कुणी ठोकले होते एवढे, देव जाणे. पकड घेतली आणि सगळे काढले. खिडकी उघडताच काय उजेड आला आत! बोळाच्या दारावर कुणीतरी एक कागद चिकटवला होता, वेड्यावाकड्या अक्षरांत. आरशात दिसत होता, तोही काढून टाकला.

मुंगी सज्ज्यावर उभी आहे. एका हाताने चौकट धरली आहे आणि पाठीमागे नुसतं आकाश. अशी पार्श्वभूमी कुठल्या स्टुडिओत मिळेल? तिच्या आईला असा फोटो दाखवतो की ती बघतच राहील. जिन्याच्या दारावर कोणीतरी धक्के मारतंय, आत्याबाईंसारखा आवाज वाटतो. अकरा तर वाजले नाहीत अजून. कुलूप आहे, किल्ली गळ्यात आहे, उघडीन सावकाश. रस्त्यावर माणसंही जमली आहेत आणि सगळी वर बघतायत. मुंगी त्यांना हात करते आहे. चेहरे बघावेत त्यांचे! काठी गिळल्यासारखे. एकेकाला वर बोलवून मोकळं करायला हवं.

नेमका ढग आला. तो सरकेपर्यंत वही मांडीवर घेऊन हे लिहितोय. घाई नाही. अशा वेळी थांबायचं असतं, हा या धंद्याचा पहिला धडा.

सरकला. आला उजेड. मुंगी विचारते आहे, बाबा, हा हातपण सोडू का. चौकटीवरचा तो हात जरा ताठच दिसतोय, खरं आहे तिचं. मी तिला म्हटलं, सो